पुलावरचा आशीर्वाद

योर्मान,

‘प्रिय’ लिहवत नाही.

तुझ्याकडे पेरूला, लिमात यायचं आईचं विमान पलीकडून, कोलंबियातून होतं. तिचे गुडघे दुखतात म्हणून भाड्याच्या हातगाडीत बसवून मी तिला सरहद्दीचा पूल ओलांडून नेत होते. मध्यावर तिला तुझा फोन आला, मी स्पीकरवर लावला. आपल्याकडे व्हेनेझुएलात लेकरू आधी “आशीर्वाद दे, आई” म्हणतं, मगच पुढचं बोलतं. तिनं हात वरसुद्धा केला होता.

आणि तू? “इथे आपल्या लोकांना हिणवतात, म्हणून सगळ्यांना आपण कोलंबियाचे असं सांगितलंय. तू जास्त तोंड उघडू नकोस. आणि ते आशीर्वाद-बिशीर्वाद नको, त्यावरूनच व्हेनेझुएलाचे ओळखू येतात.”

शी! पूल संपायच्या आत आईचा देश बदलून मोकळा झालास. किळस आली मला.

तिनं हात गुपचूप मांडीवर घेतला. पलीकडे टॅक्सीत बसवताना हातगाडीवाला म्हणाला, “आशीर्वाद द्या, आई.”

“देव तुझं भलं करो, बाळा,” म्हणत तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ काढलाच नाही.

तुझ्या वाट्याचा होता तो.

हे पत्र पाठवत नाही. पाकिटावर आपल्या देशाचं तिकीट पाहून तुझे शेजारी काय म्हणतील?

अजून व्हेनेझुएलाचीच,
यारित्सा