किटलीत उकळलेले सार्वमत

सलवा, कुवेत
शुक्रवार, १ जुलै २०१६

तीर्थरूप काकांच्या चरणी,

रविकांतचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगे जमिनीला टेकतात, उरलेली दोन टेकली असे समजून आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा.) आपला रक्तदाब, मोतीबिंदू आणि सोसायटीचे सेक्रेटरी हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे शीला बरी आहे. जुईली मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देते, पण देते, यात आम्ही समाधानी आहोत. बाहेर सावलीत एकोणपन्नास अंश आहेत. आंघोळीला नळाचे पाणी चटका देते आणि बंद ठेवलेल्या गीझरमधले गार लागते, यावरून या देशातल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. एकूण कुशल आहे.

आपल्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका पोचली. दहा जुलैला अभिषेकाच्या वेळी डोक्यावर चाळणी मीच धरायची, काकू गेल्यानंतर तो मान दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असे आपण पत्रिकेसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेत. ते वाचून शीलासमोर मला चष्मा पुसावा लागला. आप्पांशीही फोन झाला. त्यांना (म्हणजे माझ्या जन्मदात्याला आणि आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला) पत्रिका अजून मिळालेली नाही. नाशिकहून कुवेतला आठ दिवसांत येणारी पत्रिका आपल्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर महिनाभरात पोचत नाही, हा दोष जिन्याचा आहे असे मी धरून चाललो आहे. सोसायटीतला लिफ्टचा ठराव सहा विरुद्ध सात मतांनी पडला, त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षे होतील. सातवे मत आप्पांचे, लिफ्टच्या खड्ड्यापायी अंगणातला प्राजक्त जाईल म्हणून दिलेले, हे मी विसरलेलो नाही आणि आपण कुणाला विसरू देत नाही. (जिना उतरताना त्यांच्या दारापुढे आपली काठी जरा अधिक वाजते, असे आई म्हणते.) पण तो या पत्राचा विषय नव्हे. या पत्राचा विषय माझी रजा, जी परवापर्यंत मिळण्याचे चिन्ह नव्हते.

त्याचे असे झाले. अर्दियातल्या गोदामांना लागून आमची कचेरी आहे. तेलाच्या कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह आम्ही तपासून पाठवतो. विभागाचे प्रमुख ग्रॅहमसाहेब आणि उपप्रमुख कॉलिनसाहेब, दोघे इंग्रज, दोघे बारा वर्षे कुवेतात, आणि इतके जिवलग की एकाने शिंकावे आणि दुसऱ्याने रुमाल काढावा. गेल्या आठवड्यात त्यांच्या देशाने युरोपच्या एकत्र कुटुंबात राहावे की वेगळी चूल मांडावी, यावर सार्वमत घेतले. शंभरांतले बावन्न म्हणाले, वेगळे निघू. अठ्ठेचाळीस म्हणाले, राहू. दोन्ही साहेबांनी टपालाने मते पाठवली होती, ग्रॅहमसाहेब अठ्ठेचाळिसांत निघाले आणि कॉलिनसाहेब बावन्नांत. (बारा वर्षे परक्या देशाचे मीठ खाऊन 'आमच्याकडे परदेशी फार झालेत' असे कॉलिनसाहेब म्हणतात, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहतो. ग्रॅहमसाहेबांचे म्हणणे असे, की लोकांना प्रश्नच समजला नाही. आपल्या मनातले उत्तर न देणाऱ्याला प्रश्न समजलेला नसतो, हे आपल्या संस्कृतच्या वर्गात बसून मीही शिकलो आहे.)

निकाल शुक्रवारी लागला, म्हणजे आमच्या सुटीच्या दिवशी. त्या दुपारी बनेद अल-गारला जयदीपकडे आम्ही मराठी मंडळी जमलो होतो. तिथेही जेवायच्या आधीच दोन तट पडले. नाशिकच्या मयूरने इंग्लंडला बाहेर काढले, पुण्याच्या जयदीपने परत आत घेतले, आणि आमटी निवाली. ज्यांना मत नसते त्यांना मते फार असतात. शेवटी जुईली मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, "बाबा, यू गाइज डोन्ट इव्हन हॅव अ व्होट." तेवढ्यात भात आला आणि सगळे ताटांकडे वळले. आपल्या लोकांचे बरे असते. भात आला की राष्ट्रीय प्रश्न सुटतो.

इंग्रजांकडे भात नाही, चहा आहे. अडले ते तिथेच. सध्या रमजान चालू आहे, त्यामुळे दिवसा उघड्यावर खाणेपिणे बंद. आम्हा रोजा न करणाऱ्यांसाठी कचेरीत एक खोली राखली आहे, तिच्या काचांना आतून वर्तमानपत्रे चिकटवली आहेत. तिची किल्ली मुस्तफाभाईंकडे असते. (मुस्तफाभाई दापोलीकडचे. कचेरीतले सगळे अर्ज आणि शिक्के त्यांच्या ताब्यात. स्वतः कडक रोजा पाळतात आणि आम्हाला चहाची खोली उघडून देतात, यापेक्षा मोठे तप मी पोथीतही वाचलेले नाही.) त्या खोलीतली विजेची किटली ग्रॅहमसाहेबांची स्वतःची, आणि विलायतेहून येणारा चहाच्या पुड्यांचा डबा कॉलिनसाहेबांचा. बारा वर्षे हा संसार सुखाने चालला. रविवारी कचेरी उघडली तेव्हा ग्रॅहमसाहेबांनी किटली उचलून कपाटात कुलूपबंद केली. अर्ध्या तासाने कॉलिनसाहेबांनी डबा उचलून आपल्या खणात टाकला. त्या दिवसापासून एकाकडे नुसते गरम पाणी आणि दुसऱ्याकडे नुसती कोरडी पत्ती. आपण शिकवलेला पंग्वंधन्याय आठवला. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला तर दोघे गावाला पोचतात. इथे खांदा देणारा म्हणत होता, आधी याने मत बदलावे. तिसऱ्या दिवशी दोघांच्या सुतकी चेहऱ्यांकडे बघून मुस्तफाभाई मला हळूच म्हणाले, "रवीभाव, आमच्यापेक्षा यांचाच रोजा कडक हाय. आमचा निदान मगरिबला, दिवस बुडला की, सुटतो."

आता माझ्या रजेच्या अर्जावर या दोघांच्या सह्या लागतात, एकाखाली एक. अर्ज घेऊन मी ग्रॅहमसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आधी उपप्रमुखांची सही आणा, तसा नियम आहे. कॉलिनसाहेब म्हणाले, आधी प्रमुखांची आणा, बहुमताच्या माणसाने अल्पमताच्या आधी सही करणे बरे दिसत नाही. (हा नियम कुठल्या शास्त्रात आहे ते मी विचारले नाही.) हा शुद्ध अन्योन्याश्रय झाला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असे आपण उदाहरण द्यायचात तोच. मी अक्कल लढवून अर्जाच्या दोन प्रती काढल्या आणि दोघांकडून एकेका प्रतीवर सही घेतली. मुस्तफाभाईंनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "भाव, हे दोन अर्धे अर्ज झाले. दोन अर्ध्या तिकिटांवर इमान चढू देत नाय." विमान सात तारखेचे, आणि तारीख झाली होती एकोणतीस. काका, खरे सांगतो, त्या दिवशी घरी परतताना रिंगरोडवर मी चाळणी धरल्यासारखा हात वर करून पाहिला. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी सलाम केला.

काल गुरुवारी मी निश्चय करून निघालो. ग्रॅहमसाहेबांना म्हटले, घसा धरला आहे, गुळण्यांना गरम पाणी हवे. त्यांनी किटली दिली. कॉलिनसाहेबांना म्हटले, डोळ्याला रांजणवाडी येते आहे, चहाच्या ओल्या पुडीने शेकतात म्हणे. त्यांनी सहा पुड्या दिल्या, वर डोळा न चोळण्याचा सल्लाही दिला. (धर्मराजाने एक खोटे बोलून रथ जमिनीवर आणला होता. मी दोन बोललो, पण माझा रथ मुळातच जमिनीवर असतो.) बेत असा होता, की दोन कप उत्तम चहा तयार ठेवायचा, साडेदहाला दोघांना वेगवेगळ्या निमित्ताने खोलीत बोलवायचे आणि कपांच्या मध्ये अर्ज ठेवायचा. वाफाळत्या कपासमोर इंग्रज माणूस शत्रूलाही बसायला सांगतो, असे ऐकून होतो.

बेत उत्तम होता. चूक संस्कारात झाली. चहा 'उत्तम' करायचा म्हटल्यावर माझ्या हातांनी मला न विचारता किटलीत पाणी घातले, सहाही पुड्या फोडून पत्ती टाकली, डब्यातले आटवलेले दूध ओतले, साखर टाकली, शीलाने डब्याबरोबर दिलेली सुंठ-वेलदोड्याची पूड घातली आणि बटण दाबले. काका, विजेच्या किटलीला आपल्या पातेल्यासारखी माया नसते. चहा वर आला की पातेले खाली उतरवता येते. किटलीचा बटणावर भरवसा असतो आणि बटणाचा पाण्यावर. दूध चढले, झाकण उडाले, तोटीतून, खालून, बाजूने फेस वाहू लागला. खोलीत आमच्या सिडकोतल्या टपरीचा वास भरला. आणि वेगवेगळ्या निमित्तांनी बोलावलेले दोन्ही साहेब, वक्तशीर जातीचे, एकाच वेळी दारात उभे राहिले.

मग कॉलिनसाहेबांनी पुढे होऊन झाकण काढले, आत वाकून पाहिले आणि पांढरेफटक होऊन बाजूला झाले. ग्रॅहमसाहेबांनी पाहिले. आणि सार्वमतानंतर पहिल्यांदाच त्यांनी कॉलिनसाहेबांकडे तोंड करून वाक्य उच्चारले.

"याने दूध आत घातले."

"आणि उकळले," कॉलिनसाहेब म्हणाले.

"माझ्या किटलीत!"

"माझा चहा!"

तिथून पुढे वीस मिनिटे दोघे अखंड बोलत होते, फक्त एकमेकांशी. मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हते. किटली सिरक्याने निघेल की लिंबाने, ग्रॅहमसाहेबांच्या आजीने एकदा नोकर कशावरून काढला, कॉलिनसाहेबांच्या वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर वादळातसुद्धा दूध वेगळेच असायचे, असे विषय निघाले. युरोपचे नाव कुणी घेतले नाही. टेबल पुसायला कागद हवा म्हणून ग्रॅहमसाहेबांनी जो उचलला तो माझा रजेचा अर्ज. त्यांनी वाचला. कॉलिनसाहेबांना दाखवला. मी दहा दिवस मागितले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, दहा खोडून चौदा केले आणि एकाखाली एक सह्या ठोकल्या. माझे कुवेतबाहेर जाणे चहाच्या हिताचे आहे, यावर त्या दोन पक्षांत एकाही मताचा फरक नव्हता. अर्जावर दुधाचा एक गोल डाग आहे, मुस्तफाभाईंनी शिक्का बरोबर त्याच्यावर मारून तो झाकला. जाताना कॉलिनसाहेबांनी त्या द्रवाचा एक घोट घेतला, पुरावा म्हणून. मग पुरावा पुरेसा नसावा, कारण अर्ध्या तासाने ते अर्धा कप पुरावा घेताना दिसले. आज सुटी आहे, तरी दोघे मिळून नवी किटली आणायला गेले आहेत. तेव्हा मी सात तारखेच्या विमानाने येतो आहे. चाळणी मीच धरीन.

या हकिगतीतून कोणताही बोध घेण्याची आवश्यकता नाही. हे पत्र उद्या ईदसाठी घरी जाणाऱ्या मुस्तफाभाईंबरोबर देतो आहे, मुंबईहून ते कुरियर करतील. नेहमीप्रमाणे तांबड्या शाईने दुरुस्त करून ठेवावे, मी आल्यावर खाली मान घालून पाहीन.

आपला आज्ञाधारक (असे पूर्वी लिहीत असे, आता खालील मजकूर वाचून आपणच ठरवावे) पुतण्या,
रविकांत

ता. क. शीलाला मी सांगितले आहे, की तिच्या मसाल्याची दोन्ही साहेबांनी तारीफ केली. किटलीचे तिला ठाऊक नाही. आपण बोलू नये.

ता. क. २. अडलेल्या दोघांना एकत्र यायला दोघांचा मिळून एक अपराधी लागतो, हे मात्र मला कळले. म्हणून मला आलेल्या पत्रिकेवर मी आप्पांचे नाव घातले आहे, खाली 'अगत्य येणे, वाट पाहतो' असे लिहून आपल्या नावाने सही ठोकली आहे आणि ते पाकीटही मुस्तफाभाईंकडे दिले आहे. (सही हुबेहूब आहे. सातवीच्या प्रगतिपुस्तकापासून सराव आहे. तेव्हा आपल्याला संशय होता तो खरा होता.) आपण आणि आप्पांनी एकत्र बसून मला काय ते बोलावे. एकेकट्याने बोललेले मी ऐकून घेणार नाही.

ता. क. ३. पत्रिका येते आहे असे आज सकाळी आप्पांना फोनवर सांगितले. त्यांनी कार्याची तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "दादाने बोलावले तर येईन रे, पण तीन जिने हे गुडघे चढायचे नाहीत. लिफ्ट असती तर..." आणि इथे थांबले. मीही थांबलो. आमच्या फोनवर इतकी महाग शांतता पूर्वी झाली नव्हती. तेव्हा खरी विनंती एवढीच. कार्य वर न करता खाली अंगणात, प्राजक्तापाशी करावे. आपण उतरून यावे, त्यांना चढायला लावू नये. काठी हळू वाजवावी. आणि पूजा झाल्यावर वाटल्यास लिफ्टचे मतदान पुन्हा घ्यावे. प्राजक्त वाचवून खड्डा कुठे घ्यायचा त्याचा नकाशा मी काढून आणतो आहे. सहा विरुद्ध सात होते, आता सात विरुद्ध सहा आहेत.