कबुलीची चिठ्ठी

गोथा, ८ मार्च १७२५

ती. दादास कृ. सा. न.,

तुझं पत्र आलं आणि माझी झोप गेली. व्हिएन्नाच्या दरबारी वृंदात ईस्टरच्या आठवड्यात गायचं, तर कॅथलिक पाद्र्यापुढे पापं कबूल करून त्याची चिठ्ठी द्यावी लागते, हे तुला तिकडे पाठवताना आपल्या महाराजांना ठाऊक नव्हतं का? आपण ल्यूथरपंथी. तू चिठ्ठी आणणार कुठून? तर म्हणे घरमालकीण वेसेलीबाई तीन-तीन चर्चमध्ये पापं सांगून येतात आणि उरलेल्या चिठ्ठ्या विकतात. बाईंची पापंच तेवढी आहेत, असंही वर लिहितोस! मला हसू आलं, मग त्याचाच राग आला.

चिठ्ठी दिलीस तर ते देवाच्या दारात खोटं बोलणं. नाही दिलीस तर तुला परत धाडतील, आणि तुझ्या बदल्यात इथे आलेला फाब्रित्सिओही जाईल. महाराजांना त्याच्या आवाजाचं वेड लागलंय. ते चिडले, तर बाबांची चर्चमधली नोकरी तरी राहील का? आणि हा फाब्रित्सिओ कॅथलिक असून आपल्या चर्चमध्ये गातो, उपासाच्या शुक्रवारी आपलं सॉसेज खातो, त्याला कोणी काही विचारत नाही.

बाबांना मी सांगितलेलं नाही. स्वर आणि अक्षरं त्यांनीच मला शिकवली; त्यांच्यापुढे गप्प बसणंही खोटंच वाटतं. तरी सांगते, चिठ्ठी देऊ नकोस.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सिदोनी

व्हिएन्ना, ३१ मार्च

चि. सिदोनीस अ. उ. आ.,

रागावलोच होतो. आमच्या घरात एक पाद्रीण आहे, असं वेसेलीबाईंना म्हणालोसुद्धा. चिठ्ठी खिशात होती. पण गायनप्रमुखांनी हात पुढे केला आणि माझा हात खिशात जाईना. मी ल्यूथरपंथी आहे, असं सांगून टाकलं. ते कुजबुजले, अरे गाढवा, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कागद देवाला नाही, दप्तराला हवाय! तरी दिला नाही. मग म्हणाले, सामान बांध.

काल गुड फ्रायडेला मी खाली गर्दीत उभा राहिलो. त्या दिवशी ऑर्गन बंद, साथीला काही नाही. खर्जात एकच म्हातारा उरलेला. दुसऱ्या कडव्यातच सगळा वृंद सुरातून उतरायला लागला. समोर अख्खा दरबार. मला राहवेना. उभ्या जागेवरून मी खर्ज धरला. लोक वळून बघायला लागले, एका बाईने कोपर मारलं. वृंद हळूहळू सावरला. प्रमुखांनी खाली पाहिलं, मला ओळखलं, आणि हाताचा ठेका चालूच ठेवला.

ठेवतात की धाडतात, अजून माहीत नाही. पण आज त्यांचा निरोप आलाय: उद्या ईस्टरला त्याच खांबापाशी उभा राहा, गर्दीतल्या माणसाकडे चिठ्ठी मागत नाहीत.

बाबांना आता सगळं सांग. लोभ थोडा जास्तच असू दे.

तुझा,
ट्राउगोट