चौदाव्या गाण्यातली बाई

हॅलिफॅक्स, ४ मार्च १९९६

चि. नील यास अ. उ. आ.

तुझ्या परीक्षणातल्या ज्या अनोळखी गायिकेची तू तारीफ केली आहेस, ती मी आहे आणि मी गात नव्हते. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले.

'टिन चॅपल' बँडच्या दुर्मीळ आणि तबकडीच्या मागच्या बाजूच्या गाण्यांचा संग्रह येतो आहे. तुझा मजकूर नेहमीप्रमाणे तपासला. तेराव्या गाण्यापर्यंत स्वल्पविरामांखेरीज तक्रार नाही. चौदाव्याबद्दल लिहितोस की ड्रम मध्येच थांबतात, लाकूड मोडते, काच फुटते, शेवटी एका बाईची करडी हाक येते आणि हे चाळीस सेकंद संग्रहाचा कळस आहेत.

ते लाकूड नव्हे, तुझ्या जॅनेटआत्याचा उजवा हात आहे.

मार्च ब्याऐंशी, शेफील्डची तालमीची खोली. ती त्यांची ड्रमर होती. बँड सोडते, असे तिने बँडचा म्होरक्या टेरी होल्रॉइडला सांगितले होते. मागच्या बाजूच्या गाण्याची फिकीर कोणी करत नसे. टेप लावून द्यायची आणि विसरायची. तशी ती चालूच राहिली. टेरीने माइकचा लोखंडी दांडा तिच्या हातावर तीनदा घातला. तिसऱ्या फटक्याला हाड कातडीबाहेर आले. मी तिला न्यायला आले होते. दाराला आतून कडी होती, म्हणून खिडकी फोडून शिरले आणि तोच दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो रंगमंचावरून पडून लंगडा झाला, असे तुम्ही लोक छापत आला आहात.

ती जिन्यावरून पडली, असे इस्पितळात मीच सांगितले. तिने तशी गळ घातली, आणि मलाही ते सोयीचे होते. त्यानंतर तिने ड्रमच्या काठ्या हातात धरल्या नाहीत.

ते गाणे बाहेर येता कामा नये. तिच्या हाताचा आवाज दुकानांतून वाजू नये. उत्तर लगेच धाड.

तुझी,
हिलरीआत्या

मँचेस्टर, ७ मार्च

ती. हिलरीआत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून ते गाणे पुन्हा लावले. लहानपणी तुझ्या याच हाकेला भिऊन पानातला कोबी संपवायचो. तीच हाक मला संगीत वाटली, याची लाज वाटते.

परीक्षण मागे घेतले. पण त्याने संग्रह थांबत नाही. तो जुळवणाऱ्या गॅरेथला भेटलो. टेप टेरीनेच माळ्यावरून काढून दिली, न ऐकता. आता म्हणतो की ते नाटक होते, पोरीलाही मजा आली होती. गॅरेथ म्हणाला की याच आवाजासाठी लोक घेतील. तुझ्या आत्याबाईंकडे पुरावा असेल तर आण, नाहीतर सोमवारी माल दुकानात.

पुरावा दिलास तर गुडघ्याचेही विचारतील. विचार करून ठरव. मी उद्या जॅनेटआत्याकडे जातो. तिच्या पाठीमागे हे ठरवणे बरे नव्हे.

तुझा,
नील

व्हिटबी, ९ मार्च, शनिवार

ती. ताईस सा. न.

नीलने टेप आणली. पोर दारातच रडले. त्याला चहा दिला आणि दोनदा ऐकली.

इतकी वर्षे वाटायचे की मी किंचाळले असेन. नाही. फटक्यांच्या मध्ये नीट ऐक, मी ताल मोजते आहे. एक, दोन, तीन, चार. हात मोडेपर्यंत मी चुकले नाही.

तू ते गाणे दडपायला निघालीस. जिना एकदा पुरे झाला, ताई. हजारो लोक ऐकणार असतील, तर आधी पोलिसांनी ऐकू दे. गुडघ्याचे तू सांग, नाहीतर मी सांगेन.

तुझी,
जॅनेट

हॅलिफॅक्स, १२ मार्च

चि. नील यास अ. उ. आ.

पोलिसांनी मूळ टेप मागवताच गॅरेथने माल गोदामातच ठेवला. टेरीला आज बोलावले आहे. मलाही गुरुवारी पुन्हा जायचे आहे. वकील केला आहे, काळजी नको.

काल शेफील्डच्या ठाण्यात दिले ते असे: संग्रहाची तुझी प्रत, एक. उजव्या हाताचे क्ष-किरण फोटो, दोन. तुझे परीक्षण, चौदाव्या गाण्याच्या मजकुरावर काट मारलेले, एक. माझा जबाब, गुडघ्यासकट, पाने तीन. जॅनेटचा जबाब, पाने अकरा.

पोच जॅनेटने घेतली. सही डाव्या हाताने.