आवडेसाठी पाखरं

२२ एप्रिल १९५६, रविवार
आवडा शिमग्याला पालीला माहेरी गेली, अजून परत नाही. जाताना म्हणाली, "इथं पाखरू पन बोलत न्हाय." म्हणजे बाईला निसर्ग पाहिजे. एवढंच ना? एवढ्या मोठ्या मुंबईत चार पाखरं सापडणार नाहीत? शोधतो. पावसाच्या आत आवडा परळला हजर!

२३ एप्रिल
ऊन मरणाचं. गिरणीत टाइमकीपर असल्याने नजर तयार आहेच. आज आढळलेलं वन्यजीवन : कावळे, मोरीतली घूस. घूस आवडेला कळवण्यासारखी नाही.

२९ एप्रिल, रविवार
राणीचा बाग. वाघ धापा टाकत पडलेला, मला बघून तोंड फिरवलं. वडावर मात्र तांबट टुक टुक करत होता. बराच वेळ ऐकला. आवडा शेजारी हवी होती. फार हवी होती.

४ मे
गॅलरीत पाखरांसाठी पाण्याची थाळी ठेवली. शेजारच्या मनुबाई म्हणाल्या, पाखरांची एवढी सरबराई, आणि बायकोला गॅलरीत उभं राहू देत नव्हता. मी सांगितलं, टाइमकीपरच्या बायकोने चाळीत गप्पा छाटायच्या नाहीत, हा रूल आहे. पोझिशन म्हणून काही असते. बाईंना ते कळत नाही.

९ मे, सकाळी
चिमणी आली! पाणी प्यायली! आवडेला लगेच कार्ड टाकलं : चिमणी आली, तू पण ये.

१५ मे
कार्डाला उत्तर नाही. पण गाववाला सदा सासऱ्यांचा निरोप घेऊन आला : रविवारी पंच बसणार, या. म्हणजे मानाने पाठवणी. क्रॉफर्ड मार्केटात लाल मुनियांची जोडी घेतली. पिंजरा हातात दिला की काम फत्ते.

२० मे, रविवार, पाली
धरमतरपर्यंत लाँच, पुढे एसटी. उन्हाने एक मुनिया वाटेत मेली. दुसरी ठीक.
पंचांपुढे मी मुंबईतली सगळी पाखरं सांगितली. तांबटाचा आवाजही काढून दाखवला. कुणी हसलं नाही. आवडा म्हणाली, "पाखरांसाठी न्हाय आली मी. दिसभर दार बंद. तुमी यायचं, जेवायचं, वहीत लिवत बसायचं. माज्यासंगं कदी बोललात?"
मी पिंजरा तिच्यापुढे सरकवला.
सासरे येसाजींनी पेंढ्यातली काडी ओढून माझ्या हातात दिली. आमच्यात नवरा-बायकोने सुटायचं तर पंचांसमोर काडी मोडतात. मी आवडेकडे बघितलं. तिने मान डोलावली. मी काडी मोडली.
पिंजरा तिथेच राहिला.

२१ मे
ड्यूटीवर वेळेत हजर. संध्याकाळी भात लावला, करपला.
तिच्याशी काय बोलायचं ते आता सुचतंय. माहेरची म्हस व्याली का, आंबा कसा आहे, आज पाय दुखतात का. तेवढं तर मला येत होतं.