दारावरची अक्षरं

धाकट्या,

आशीर्वाद द्यायचा हात आज तुझा कान पिळायला शिवशिवतोय.

मी डोळ्याच्या ऑपरेशनला काय गेलो, तू प्रदर्शनासाठी रणगाडे ओढणारा ट्रक चकचकीत हिरवा रंगवून मोकळा! बाबांनी फौजेत चालवलेला, आपण भंगारातून सोडवलेला ट्रक. अरे शहाण्या, लष्कराची गाडी चमकली की शत्रूला लांबून दिसते. तुझी तर नवरीसारखी नटलेली. वर बक्षीस मिळवून फोनवर म्हणतोस, "दादा, अगदी नवी कोरी दिसते!"

नवी कोरी कुणाला हवी होती? दाराच्या आत बाबांनी ब्रशनं लिहिलं होतं, 'दार हळू लाव, गाडी थकली आहे.' त्यांच्या हातची तेवढीच अक्षरं उरली होती आपल्याकडे. तीही तू रंगाखाली गाडलीस आणि विचारलं तर म्हणतोस, "मला वाटलं, डाग आहेत."

डाग! डोळ्याला पट्टी माझ्या होती की तुझ्या?

सकाळपासून टर्पेंटाइनच्या चिंधीनं हळूहळू पुसतोय. तुझा रंग अजून कच्चा आहे, खालचा 'थकली' हा शब्द दिसायला लागलाय. हे पत्र तुला पोचेपर्यंत रंग दगड होईल, म्हणून टाकत नाही. फोनच करतो. जुनं धोतर घेऊन आत्ताच्या आत्ता ये, माझा एक डोळा पुरत नाही.

तुझ्यावर तापलेला,
दादा