नरसाळ्याच्या तोंडाशी

बाई,

आधी तक्रार. या हॉस्पिटलच्या काउंटरवरचं पेन सुतळीनं बांधलंय आणि सुतळी सहीच्या रकान्यापर्यंत पोचत नाही. काउंटरवर छाती टेकून, एक पाय हवेत धरून सही करावी लागते. जिथं दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतो, त्या कोल्हापुरानं एका पेनापायी माणसावर इतका अविश्वास दाखवावा, यावर मी लेख ठोकणार होतो. चिमटे काढणं हीच आता माझी रोजीरोटी. पण ओळ सुचत नाही. ती सही रिपोर्ट मिळाल्याची होती. मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली होती, तिचा. पाकीट मांडीवर आहे, बंद. मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्हालाच लिहितोय, कारण आज जिवंत माणसांशी बोलायची हिंमत नाही.

कागलकडच्या उसाचा बांध आठवतो. गवतावर दवानं पांढरी झालेली जाळ्याची चादर, आणि तिच्या कडेला आत उतरत गेलेलं नरसाळं. तुम्ही पदर खोचून उकिडव्या बसलाय, काडीनं चादर हलकेच खाजवताय. आतून कोळीण धावत येते, आणि मी मागच्या मागे थेट पाटात. "अरे, ती किड्यासाठी आली, तुझ्यासाठी न्हाय! तुला संपवायला तिला सा म्हैनं लागतील." अब्रू वाचवायला मी पुस्तकी शहाणपण काढलं, नरसाळ्याचं जाळं म्हणजे नरसाळी कोळ्यांचं कूळ. "घर बघून घराणं ठरवतोस व्हय? डोळं बघ की." भिंगाखाली बघितलं: पुढे चार बारीक, त्यामागे दोन मोठे, अजून मागे दोन. लांडगा-कोळ्यांची मांडणी. ते सगळे भटके, त्यांच्यातल्या या हिपासा नावाच्या प्रजातीनं तेवढं घर थाटलेलं. तरी अंड्यांची पिशवी भाऊबंदांसारखीच मागे चिकटवून हिंडायची, पिल्लं निघाली की पाठीवर घ्यायची. पण ती हिपासातली नेमकी कुठली जात, हे बांधावर सांगायला तुम्ही साफ नकार द्यायचात. स्पिरिटात घालून, उलटी करून, पोटाखालची ठेवण सूक्ष्मदर्शकातून बघेपर्यंत ती नुसती हिपासा.

तेव्हा मला नावाची फार घाई असायची. आज गाठीला नुसती गाठ म्हणून राहू देणारा कुणी भेटला, तर भर रस्त्यात पाया पडेन.

नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची, हे तुम्ही असं घोटवून घेतलंत की गाठ काढायच्या टेबलावर मी नर्सकडे पेन्सिल मागितली.

"पेन्सिल? कशाला?"

"नाव आत टाकायचंय. शाई विरघळते."

"पावणं, लोणच्याची बरणी हाय व्हय ही? लेबल लावलंय की भाएरनं."

"निघालं तर?"

"न्हाय निघत. पडा गप."

तेव्हापासून दोन भीती. एक, रिपोर्ट वाईट असेल. दुसरी, तो दुसऱ्याच कुणाचा असेल. आणि रात्री उठवून बसवते ती तिसरी: वाईट असलाच तर तो दुसऱ्याचा निघावा, असं मला वाटतंय.

त्या नरसाळ्याला मागूनही वाट असायची. आपली सावली पडली की ती तिथून गवतात निसटायची. मीही निसटलोच. बायकोला सांगितलं, हुपरीला भाषण आहे. टाक्यांवर मफलर गुंडाळला आणि म्हटलं, थंडी वाजते. तिनं मफलर नीट करून दिला.

मगाशी तिला फोन केला. जे सांगायचं देणं लागत होतो, ते सगळं सांगितलं. पलीकडे मिक्सर चालू होता. तिनं तो बंद केला.

"उघडलं पाकीट?"

"नाही."

"उघडू नगा. मी आले रिक्षानं. आणि उपाशी बसलाय न्हवं तिथं? मोठं आलं भाषण करणारं."

या कागदाला पत्ता नाही, बाई, खिशातच राहील. फोन ठेवला आणि मी रडलो, भरल्या व्हरांड्यात, तोंडसुद्धा न झाकता. शेजारचे म्हातारबा सरकून जवळ आले.

"कोण गेलं, पावणं?"

"कोण न्हाय," मी म्हटलं, "बायको येतीया."