त्यांना कुठे काय कळतंय

तीर्थरूप आप्पा,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

दरवर्षी मी मेंदूचं मॉडेल उघडून विद्यार्थ्यांना बजावते, "डावीकडचा हा पुढचा भाग गेला की बोलणं जातं. कळण्याची जागा मागे आहे, ती शाबूत राहते. तेव्हा पेशंटसमोर तोंड सांभाळा." तुमचा झटका नेमका त्या पुढच्या भागात आला. तुमच्याकडे एकच शब्द उरला, "बरं." चहा हवा तरी बरं, नको तरी बरं.

त्या दुपारी तुमच्या लुळ्या उजव्या हाताची नखं कापता कापता मी फोनवर म्हणाले, "माझ्याच्यानं आता होत नाही रे दादा. तू घेऊन जा त्यांना. हो, समोरच बसलेत. त्यांना कुठे काय कळतंय!"

तुम्ही डावा हात आपणहून पुढे केलात आणि म्हणालात, "बरं."

आता तुम्ही दादाकडे आहात. तो म्हणतो, पत्र पाठव, मी वाचून दाखवतो.

कसं पाठवू, आप्पा? तुम्हाला सगळं कळेल.

तुमची,
दीडशहाणी